कुत्र्याला जळकं ऑईल लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या जिल्हा पानावर आमच्या गावातल्या मोकाट कुत्र्यांची बातमी आली होती. सोबत एका कुत्रीचा फोटो होता. अंगावर केसाचं नाव नाही, कातडी हत्तीच्या पाठीसारखी, कानांच्या कडांना खवले. खाली ओळ छापली होती, 'पिसाळलेल्या कुत्र्यांमुळे नागरिक भयभीत'.

त्या कुत्रीला मी ओळखतो. एसटी स्टँडच्या भिंतीला ती पडलेली असते आणि भाजीवाल्या मावशी दुपारी तिला भाकरी घालतात. तिला लूत लागली आहे. ती पिसाळलेली नाही हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पिसाळलेलं कुत्रं लक्षणं दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांत मरतंच, आणि ही दिवाळीपासून तशीच हिंडते आहे. रेबीज मेंदूचा रोग आहे, त्याने अंगावरचे केस जात नाहीत. बातमी आली त्याच संध्याकाळी पोरांनी तिला दगड मारले. मावशींनी रेशन दुकानामागच्या बोळात दडवली म्हणून वाचली. बातमी देणाऱ्यावर माझा राग नाही. सहा-सात महिन्यांपूर्वी मीही याहून शहाणा नव्हतो, आणि हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

मी केशकर्तनालय चालवतो. चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली वस्तरा धरला, आता साठीला आलो. चाई कुठली, कोंडा कुठला, नायटा कुठला, मानेवर उठलेलं केसतोड कुठलं, हे गिऱ्हाईकाच्या गळ्याला कापड बांधेपर्यंत मला कळतं. केसाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायचं राहिलं नाही, अशी माझी समजूत होती. ती एका गावठी पिल्लाने मोडली.

वाघ्या चैत्रातला. दुकानामागच्या वखारीत लाकडांच्या ढिगाखाली कुत्री व्यायली, महिन्याभरात ती ट्रकखाली गेली आणि एक पिल्लू आमच्या पायरीवर येऊन बसलं. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. दारात आलेलं कुत्रं हाकलायची आमच्याकडे रीत नाही. दूधभातावर वाढलं, बाळसं धरलं, गिऱ्हाइकांचंही लाडकं झालं.

श्रावणात त्याच्या उजव्या डोळ्याभोवतीचे केस गेले. चष्म्याची एक काच लावावी तसं गोल. खाजवत नव्हता, खेळत होता, खात होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्या डोळ्याभोवती, मग ओठांच्या कोपऱ्यांना, मग पुढच्या दोन्ही पायांवर. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पायांवर पुरळ उठलं आणि त्यात पू धरला. मी म्हटलं, हे तर केसतोड! आपल्याच खात्यातला रोग. तुरटी फिरवली, वर स्पिरिटचा बोळा लावला. पिल्लू असं किंचाळलं की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. उघड्या मांसावर स्पिरिट लावणं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यात कळायला हवं होतं.

मग सुरू झाले सल्ले. केस कापून घ्यायला बसलेला माणूस तसा मोकळाच असतो, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही. दहातल्या आठ जणांनी एकच सांगितलं: गॅरेजमधून जळकं ऑईल आण आणि चोपड. कुणी म्हणाला त्यात गंधक घाल, कुणी म्हणाला करंजाचं तेल घाल. शेजारच्या गॅरेजवाल्याने डबाभर काळं ऑईल फुकट दिलं. रात्री दुकान बंद करून मी वाघ्याला नखशिखांत चोपडलं.

कुत्र्याच्या अंगाला काही लावलं की ते चाटतं, एवढी साधी गोष्ट. रात्रभर तो चाटत राहिला. पहाटे ओकाऱ्या, तोंडाला फेस, दुपारपर्यंत पाण्यालाही तोंड लावेना. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्या ऑईलमध्ये इंजिनातल्या झिजलेल्या धातूचा कीस, जळालेली रसायनं, सगळं असतं. ते पोटात जातं, कातडीतून थोडं आत मुरतं आणि ओकताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन जनावर दगावतं. वाघ्याला मी भांडी घासायच्या लिक्विड सोपने तीनदा धुतला तेव्हा कुठे तो काळा थर निघाला. थराबरोबर पायांची सालंही निघाली.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून, कुत्र्याचं आहे असं न सांगता, एक ट्यूब आणली. खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्यांवर चालते म्हणून लोक नेतात तीच. दोन दिवस लाली उतरली, मला वाटलं जमलं. आठव्या दिवशी पाठीवर आणि मानेवर नवे पट्टे. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या किती पोरांचं मानेवरचं रुपयाएवढं गजकर्ण याच ट्यूबमुळे पाठभर पसरलेलं मी पाहिलंय, आणि त्यांना मीच रागावतो. स्वतःच्या कुत्र्याला मात्र तीच लावली.

तोपर्यंत गावात बोभाटा झाला होता. न्हाव्याच्या कुत्र्याला लूत लागली, दुकानात जाऊ नका, खरूज होईल. गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी दुपारी मी एकटाच आरशात बघत बसलो होतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर घरचं कापड बरोबर आणलं, तुमचं नको म्हणाला. मग मात्र मी वाघ्याला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर पुढे घेतला आणि तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो. कुत्र्याच्या काळजीपेक्षा धंद्याची काळजी मला तिकडे घेऊन गेली, हे कबूल करतो.

गुरांच्या दवाखान्यात म्हशींची रांग होती. डॉक्टर तरुण, शिरवळच्या कॉलेजात शिकलेले. आधी त्यांनी काय काय लावलंत ते विचारलं. मी ऑईल सांगितलं, तुरटी सांगितली, ट्यूब सांगायला लाजलो. त्यांनीच विचारलं, 'ट्यूब कुठली लावली?' म्हणजे माझ्यासारखे रोजच येत असणार.

मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. वाघ्याच्या पायाची कातडी चिमटीत धरून दाबली, वर पॅराफिनचा थेंब टाकला आणि बोथट केलेल्या पात्याने केस उगवतात त्या दिशेने खरवडायला लागले. थोडं रक्त पाझरेपर्यंत. संपादक साहेब, मी पंचेचाळीस वर्षं पातं असं चालवलं की रक्ताचा टिपूस येऊ नये. इथे एक शिकलेला माणूस रक्त येण्याची वाट बघत पातं फिरवत होता. मी हात धरायला पुढे झालो, तर म्हणाले, 'तुम्ही पृष्ठभागावरचं काम करता, मला मुळातला किडा पाहिजे.' जिथे खरवडता येत नव्हतं, डोळ्याशेजारी, तिथले चार केस त्यांनी चिमट्याने मुळासकट उपटले. तेवढं मला करू दिलं. तोडायचे नाहीत, सरळ रेषेत ओढायचे, हे मला सांगावं लागलं नाही.

ते काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली दाखवलं. विडीसारखे लांबट किडे, पुढच्या अर्ध्या भागात आठ आखूड पाय, मागे निमुळती शेपटी. हळूहळू वळवळत होते. लांबी मिलिमीटरचा पाव भाग. आठ पाय म्हणजे गोचीड आणि कोळी यांच्या कुळातला. त्याचं नाव डेमोडेक्स. तो कातडीवर फिरत नाही, केस ज्या खळगीतून उगवतो त्या खळगीत डोकं खाली करून राहतो, तिथेच अंडी घालतो. फार झाले की खळगी फुगते, केस सुटतो, फुटलेल्या खळगीत जंतू शिरतात आणि पू होतो. म्हणजे माझं केसतोडाचं निदान निम्मं बरोबर होतं. पण केसतोड का उठलं, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी नुसत्या पुवाच्या मागे लागलो होतो.

हा किडा वाघ्याला रस्त्यावरून लागला नव्हता. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगाला चिकटून दूध पिताना तो पिल्लाच्या तोंडावर येतो, म्हणून सुरुवात डोळे-ओठांपासून होते. बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर तो थोडाफार असतोच. ज्या पिल्लाची अंगची ताकद त्याला आवरू शकत नाही, त्याच्यात तो माजतो. हा दोष घराण्यात उतरतो, त्यामुळे बरं झाल्यावर वाघ्याची नसबंदी करा असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि मग मला हवं होतं ते वाक्य आलं: हा किडा माणसाला लागत नाही. माणसाचे वेगळे असतात, आणि बहुतेक मोठ्या माणसांच्या गालांवर, नाकाशेजारी, भुवयांत ते मुक्कामाला असतातच, कुणाला पत्ताही नसतो. हे ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू! ज्यांनी घरचं कापड आणलं त्यांच्याच गालांत ही मंडळी बसलेली. (हे मी दुकानात अजून कुणाला बोललेलो नाही. दाढीच बंद करायचे लोक.)

आता जळक्या ऑईलचा महिमा कसा वाढला तेही मला कळलं. पिल्लाच्या अंगावर या किड्याचे एक-दोन ठिपके उठले असतील, तर दहापैकी नऊ पिल्लं काही न करता दीड-दोन महिन्यांत बरी होतात. पिल्लू मोठं होतं, त्याची ताकद वाढते, केस परत येतात. मधल्या काळात मालकाने ऑईल लावलेलं असतं. गुण कुणाचा? ऑईलचा. मग तोच मालक माझ्या खुर्चीवर बसून छातीवर हात मारून सांगतो, आमच्या टायगरला लावलं, आठ दिवसांत खडखडीत. जे पिल्लू त्या ऑईलने मेलं, त्याचा मालक सांगायला येत नाही. तो म्हणतो, लुतीने मेलं.

वाघ्याचं ठिपक्यांवर भागलं नव्हतं, अंगभर पसरलं होतं. त्यात डेमोडेक्स आवरायचं तर आता महिन्याला एक चावून खायची गोळी निघाली आहे. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर ही त्या घराण्यातली नावं मी वहीत उतरवून घेतली आहेत. फ्लुरालानरची एक गोळी तर तीन महिने पुरते म्हणे. गोळी वजनावर ठरते, म्हणून किराणावाल्याच्या काट्यावर पोत्यासकट वाघ्याला तोलला. अकरा किलो भरला. महिन्याची गोळी म्हणजे माझ्या दहा-बारा दाढ्यांची कमाई. स्वस्त नाही. पण ऑईल, ट्यूब, साबण आणि रिकाम्या खुर्चीचे दिवस यांचा हिशेब केला तर महागही म्हणता येणार नाही. कुत्र्याला फिट येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, त्या गोळीने फिटचा त्रास वाढू शकतो.

याआधी अमिट्राझच्या पाण्याने अंघोळ घालायची पद्धत होती. गोचिडांसाठी ते औषध गोठ्या-गोठ्यात असतं. मी ते मागितलं, तर डॉक्टरांनी विचारलं, 'तुम्हाला साखर आहे का?' म्हटलं, 'डॉक्टर, आजारी कुत्रं आहे, मी नाही.' पण मला खरंच साखर आहे, आणि ते औषध हाताळल्याने मधुमेही माणसाची साखर वाढू शकते. गोठ्यात उघड्या हातांनी ते कालवणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? तसंच शेळ्या-मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. ते कुणीतरी अंदाजाने कुत्र्याला टोचतं. कॉली आणि तिच्या नात्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या काही कुत्र्यांच्या जातींमध्ये ते औषध मेंदूत शिरायला अडवणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असू शकते, अशी कुत्री थरथरतात, आंधळी होतात, मरतात. नेमकं मोजून, जात बघून डॉक्टर देतात ते वेगळं.

पुवासाठी वेगळी गोळी आणि अंघोळीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा शॅम्पू. हे नाव मला ओळखीचं, पोरांच्या मुरमांच्या मलमावर असतं. ते केसाची खळगी आतून धुऊन काढतं. फेस दहा मिनिटं अंगावर राहायला हवा, नाहीतर पैसे पाण्यात. इथे मात्र माझा धंदा कामी आला. आधी मशीनने वाघ्याचे राहिलेले केस बारीक केले, म्हणजे फेस कातडीपर्यंत पोचतो. मशीन वेगळं विकत घेतलं, गिऱ्हाइकांचं नाही, ही गोष्ट मी दुकानात पाटी लावून सांगितली. मशीनचं पातं दर दोन-तीन मिनिटांनी हाताला लावून बघायचो, कारण तापलेलं पातं मांडीच्या आतल्या कातडीला भाजतं आणि कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ. मग फेस करून रेडिओवरची दोन गाणी आणि मधल्या जाहिराती होईपर्यंत मी त्याला मांडीवर धरून बसायचो. माणसांच्या शॅम्पूने धुवायचं नाही हेही तेव्हाच कळलं. आपली कातडी थोडी आंबट असते, कुत्र्याची तशी नसते.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा खरवडलं, किडे होते पण बरेचसे मेलेले. दिवाळी होईपर्यंत वाघ्याच्या अंगावर मऊ लव आली आणि घरच्यांनी, मीही, म्हटलं आता बास गोळ्या. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक इथेच सोडतात आणि मग होळीला पुन्हा येतात. केस आले म्हणजे किडा गेला असं नव्हे. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोनदा खरवडून एकही, मेलेलासुद्धा, सापडला नाही तरच थांबायचं. दिवाळीनंतर दोन मेलेले निघाले. मार्गशीर्षात काच स्वच्छ. संक्रांतीला काच पुन्हा स्वच्छ. तेव्हा थांबलो, आणि मग नसबंदी केली.

या पाच महिन्यांत मी दवाखान्याच्या बाकावर बसून बरंच बघितलं. आपण ज्याला लूत किंवा खरूज म्हणतो ती एक गोष्ट नाही. स्टँडवरच्या कुत्रीची लूत वाघ्याची नाही. तिला सारकोप्टिस नावाचा किडा लागला आहे, तो कातडीत बोगदे करतो. खाज इतकी की झोप नाही. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे टाच-सांधे आणि पोट तिथे सुरुवात होते. तिच्या कानाची पाळी चोळली की मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. सगळ्यांत असं होतंच असं नाही, पण झालं तर डॉक्टर काय ते समजतात. गंमत म्हणजे हा किडा खरवडून बरेचदा सापडतही नाही, लक्षणं बघून औषध करावं लागतं. आणि हा माणसाला लागतो. मावशींच्या हातांवर आणि कमरेला बारीक पुरळ उठलं होतं, त्या साडीचा डाय लागला समजत होत्या. कुत्र्यावरचा हा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यावर उपचार झाले की माणसाचं बहुधा थांबतं. पण सोबतच्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध द्यावं लागतं. बातमी आल्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी मावशींनी पावात घालून तिला आणि तिच्या दोन सोबत्यांना खाऊ घातली. मावशींचा हात आता बरा आहे. कुत्रीचं खाजवणं निम्म्यावर आलंय, केस यायला अजून महिना-दीड महिना लागेल. तोवर ती दिसायला तशीच भीतीदायक राहणार, म्हणून ही घाई.

तिसरं गजकर्ण. ते कुत्र्या-मांजरांकडून घरातल्या लहान मुलांकडे येतं. गोल चट्टा, आणि केस गळलेले नसतात, कातडीलगत तुटलेले असतात, कात्री बोथट असल्यासारखे. हा फरक मात्र मी डॉक्टरांच्या आधी सांगितला आणि शाबासकी मिळवली. चौथ्या पिसवा. शेपटीच्या बुडाशी खाज. त्याला दवाखानाही लागत नाही. बारीक दातांची फणी फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकायचे. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि पिसवा जेवढ्या अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट त्यांची अंडी-अळ्या पोत्यात, पायपुसण्यात. पोतं उकळल्याशिवाय काही उपयोग नाही.

पुढची एक चूक सांगतो आणि आवरतं घेतो. माझ्या विहिणीकडे पांढरा पामेरियन आहे. उन्हाळ्यात त्याला गरम होतं म्हणून गेल्या वर्षी त्यांनी मला, घरचाच माणूस म्हणून, भादरायला सांगितला. मी अर्ध्या तासात गुळगुळीत केला. त्या जातीत एकदा असं भादरलं की केस परत यायला सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, लग्नाचा हंगाम आला तरी कुत्रं सोललेल्या रताळ्यासारखं. विहीणबाई काही बोलत नाहीत, पण मी गेलो की कुत्र्याला आत नेतात. डॉक्टरांनी सांगितलं, पामेरियनमध्ये केस येत नाहीत तेव्हा थायरॉइड आणि इतर ग्रंथींचीही रक्ततपासणी करून घ्या, दोन्ही कुशींचे केस सारखे जात असतील आणि खाज अजिबात नसेल तर ते किड्याचं काम नसतं. तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. म्हणजे दोष पूर्णपणे माझ्याच मशीनचा.

आता आपल्याला विनंती. ज्या कुत्रीचा फोटो छापला तिच्याबद्दल दोन ओळींचा खुलासा त्याच पानावर छापावा. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच लस घ्या, हे अवश्य छापा; लुतीच्या कुत्र्याने चावा घेतला तरी आणि तुकतुकीत कुत्र्याने घेतला तरी. पण केस गेलेलं कुत्रं म्हणजे पिसाळलेलं, हे छापू नका. त्याने लोक भलत्या कुत्र्याला घाबरतात आणि खऱ्या पिसाळलेल्याला, त्याचे केस चांगले असतात म्हणून, जवळ घेतात. आणि आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या 'आजीबाईचा बटवा' या सदरात जनावरांच्या लुतीवर जळकं ऑईल आणि गंधक हा उपाय दोनदा येऊन गेला आहे. मी कात्रणं ठेवली आहेत, कारण मी ऑईल आणायला निघालो तेव्हा त्यातलंच एक माझ्या खिशात होतं.

आमच्या ग्रामपंचायतीलाही एक सांगणं आहे. नसबंदीसाठी कुत्री पकडून नेता तेव्हा, ती हातात असतानाच कातडी बघून तिथल्या तिथे गोळी देण्याचा खर्च त्याच कामात धरावा. नंतर ती कुत्री पुन्हा हाताला लागत नाही.

वाघ्या आता दहा-अकरा महिन्यांचा आहे. अंगावर केस दाट आले, पूर्वीपेक्षा थोडे काळे. उजव्या डोळ्याखाली शेंगदाण्याएवढी जागा मात्र तशीच राहिली. तिथल्या खळग्या पुवाने कायमच्या गेल्या आणि त्यात माझ्या तुरटी-स्पिरिटचा वाटा किती, ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

पत्र छापल्यास कृपया माझं आणि गावाचं नाव देऊ नये. घरचं कापड आणणारं गिऱ्हाईक आता कुठे माझ्या कापडावर आलं आहे.

आपला,
एक केशकर्तनकार,
सातारा जिल्हा